बालेवाडीतला एक आठवडा : आपल्याकडच्या बंद पडलेल्या महिला टेनिस स्पर्धा

आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'निवृत्त प्राध्यापक, तत्त्वज्ञान' असं छापलंय आणि खाली विषय टेनिसचा. छपाईची चूक नाही, विषय मीच सुचवला. इतिहास म्हटलं की आपण राज्यं, लढाया, चळवळी यांच्याकडे वळतो. एखादी गोष्ट होती, आणि ती कोणी बंद न करताच नाहीशी झाली, असा इतिहास क्वचितच कोणी सांगतं. तसा एक छोटा इतिहास आज सांगणार आहे. तो बराचसा आपल्या महाराष्ट्रातला आहे, आणि या सभागृहातल्या फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

नोव्हेंबर २०१२. पुण्याला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात महिलांची एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिस स्पर्धा झाली. नाव रॉयल इंडियन ओपन. बक्षिसाची एकूण रक्कम सव्वा लाख डॉलर. महिला टेनिसची जागतिक संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, हिने त्याच वर्षी '१२५' नावाची एक नवी पायरी सुरू केली होती. खाली आयटीएफच्या छोट्या स्पर्धा, वर डब्ल्यूटीएच्या मोठ्या, आणि या दोहोंच्या मधली ही पायरी. पहिल्या वर्षी या दर्जाच्या स्पर्धा जगात दोनच ठिकाणी झाल्या : एक तैवानमध्ये तैपेईला आणि दुसरी आपल्या पुण्याला. म्हणजे जगातल्या पहिल्या दोनांतली एक बरं का.

अंतिम सामना कोणाचा झाला ते ऐका. एका बाजूला युक्रेनची एलिना स्वितोलिना, वय १८. दुसऱ्या बाजूला जपानची किमिको दाते, वय ४२. चोवीस वर्षांचं अंतर! १९९६ साली किमिको दाते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत स्टेफी ग्राफशी खेळली होती. अंधार पडल्यामुळे तो सामना थांबला आणि दुसऱ्या दिवशी पुरा झाला. त्या वेळी स्वितोलिना दोन वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी दाते निवृत्त झाली, संसारात रमली, आणि २००८ साली, बारा वर्षांनी, पुन्हा कोर्टावर उतरली. पुण्यात तिला स्वितोलिनाने ६-२, ६-३ असं हरवलं. सरळ दोन सेट, फार चुरस नव्हती. पण पुढचं बघा. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या फेरीत याच दातेने नादिया पेत्रोवाला ६-२, ६-० असं गुंडाळलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारी ती सर्वांत वयस्क स्त्री ठरली. आणि स्वितोलिना? ती पुढे जागतिक क्रमवारीत तिसरी झाली, २०१८ सालची वर्षअखेरची अंतिम स्पर्धा जिंकली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन गेली.

या दोघी आपल्या राज्यात आठवडाभर होत्या. दिवाळी तोंडावर होती, लक्ष्मीपूजन १३ तारखेला होतं. लोक फराळाच्या आणि कपड्यांच्या मागे. त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा क्रिकेट संघ भारतात आला होता, आणि डिसेंबरात शेवटची कसोटी आपल्या जामठ्याला झाली. धोनी ९९ वर धावबाद झाला, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. माना हलताहेत, दिसताहेत मला. सामना अनिर्णित राहिला, मालिका आपण हरलो, तरी ते ९९ लक्षात आहेत. स्वितोलिना मात्र कोणाच्या लक्षात नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, स्मरणशक्ती अशीच चालते.

तर, पुण्याची ती स्पर्धा एकदाच झाली. २०१३ साली झाली नाही, नंतरही नाही. पहिली आवृत्ती हीच शेवटची.

आता 'स्पर्धा बंद पडली' म्हणजे नेमकं काय बंद पडलं, हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. आपल्या नागपूरच्या श्रोत्यांना मिलिंद-प्रश्नातला रथ नव्याने सांगायला नको. राजा मिलिंद रथात बसून येतो. भदंत नागसेन विचारतात, महाराज, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. हाच प्रश्न स्पर्धेला लावा. कोर्ट म्हणजे स्पर्धा का? बालेवाडीची कोर्टं तर आजही आहेत, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी ते संकुल बांधलं गेलं तेव्हापासून आहेत. खेळाडू म्हणजे स्पर्धा का? त्या दर आठवड्याला वेगळ्या देशात असतात. नाव? ते प्रायोजकागणिक बदलतं. प्रेक्षक? त्यांचं मी आत्ताच सांगितलं.

नागसेनांच्या रथाला असा एकच एक भाग सापडत नाही. व्यावसायिक टेनिसच्या स्पर्धेला मात्र तो सापडतो, आणि तो अगदीच गद्य आहे. तो असतो एक परवाना. वर्षाच्या अमुक आठवड्यात, अमुक दर्जाची, इतक्या बक्षिसाची स्पर्धा भरवण्याचा हक्क. तो कोणाच्या तरी मालकीचा असतो. विकता येतो, भाड्याने देता येतो, एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेता येतो. विम्बल्डनचं तसं नाही, तिथे क्लब, गवत आणि स्पर्धा एकच आहेत. आपल्या शहरांना मात्र वाटत राहतं की स्पर्धा 'आपली' आहे. आपली असते ती जागा. स्पर्धा पाहुणी.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते हैदराबादच्या बाबतीत. पुण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, म्हणून थोडं मागे जाऊ. २००३ साली हैदराबादला डब्ल्यूटीएची स्पर्धा सुरू झाली. दर्जा त्या वेळच्या भाषेत 'टियर फोर', म्हणजे खालच्या पायऱ्यांपैकी एक. नावातच आंध्र प्रदेश पर्यटन खातं होतं. मुलींच्या टेनिसपेक्षा शहराची जाहिरात हा हेतू ठळक होता, असं माझं मत. पहिल्या वर्षी थायलंडची तामारिन तनासुगर्न जिंकली, दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियाची निकोल प्रॅट. आणि १२ फेब्रुवारी २००५ ला त्याच गावची अठरा वर्षांची मुलगी सानिया मिर्झा युक्रेनच्या अलोना बोंदारेंकोला ६-४, ५-७, ६-३ हरवून जिंकली. डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर.

पुढच्या वर्षी त्या गावात स्पर्धाच नव्हती. २००६ पासून ती बंगळूरला. म्हणजे विजेतीने विजेतेपद राखायचं तर ते दुसऱ्या राज्यात! अर्थात करार करणाऱ्यांनी याचा विचार केला नसेल. केला असता तरी कराराच्या कागदावर 'गाव' नावाचा रकाना फक्त पत्त्यासाठी असतो.

बंगळूरला ती दोन वर्षांत दर्जाने चढली. २००८ साली 'टियर टू', बक्षीस सहा लाख डॉलर. सेरेना आणि व्हीनस या दोघी विल्यम्स भगिनी आल्या, उपांत्य फेरीत एकमेकींशी खेळल्या, सेरेना जिंकली आणि पुढे अंतिम सामन्यात पॅटी श्नायडरला हरवून विजेती झाली. भारतात तोपर्यंत महिला टेनिसचं एवढं मोठं काही झालं नव्हतं. आणि त्या स्पर्धेत सानिया नव्हती. त्या दोन-तीन वर्षांत तिच्या मागे कपड्यांवरून फतवा, मशिदीतल्या जाहिरातीच्या चित्रीकरणावरून गदारोळ, राष्ट्रध्वजाजवळ पाय दिसले म्हणून तक्रार, असं एकामागून एक लागलं होतं. तिने जाहीर केलं की सध्या मी भारतात खेळणार नाही. एकवीस वर्षांची मुलगी. बाकी जगात कुठेही ती खेळू शकत होती, घरी सोडून. मला याचा आजही राग येतो, आणि तो टेनिसपुरता नाही.

त्यानंतर बंगळूरची ती स्पर्धा झालीच नाही. २००९ पासून डब्ल्यूटीएने सगळी रचनाच बदलली, ते टियर वगैरे गेले, नव्या श्रेण्या आल्या. कलकत्त्याची सनफीस्ट ओपन तर त्याआधीच संपली होती. २००५ ते २००७, नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये. विजेत्या पाहा : मिस्किना, मार्टिना हिंगिस, किरिलेंको. पण नाव सनफीस्ट, म्हणजे बिस्किटाचं, आणि बिस्किटामागची कंपनी मुळात सिगारेटवाली. यात काही गंमत आहे ती सांगतो.

महिलांचं स्वतंत्र व्यावसायिक टेनिस जन्मलं तेच सिगारेटच्या पैशावर. १९७० साली पुरुषांच्या आणि बायकांच्या बक्षिसांत एवढी तफावत होती की नऊ जणी, त्यात बिली जीन किंग, बाहेर पडल्या. ग्लॅडिस हेल्डमन नावाच्या संपादिकेने त्यांच्याशी एकेका डॉलरचा प्रतीकात्मक करार केला, ह्यूस्टनला स्पर्धा भरवली आणि पैसे दिले व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेटने. डब्ल्यूटीए १९७३ साली स्थापन झाली ती या बंडातून. शूर बायका होत्या, नोकऱ्या आणि बंदीचा धोका पत्करून उभ्या राहिल्या. पण पुरुषांच्या खेळाला जे क्लब, महासंघ, जुन्या वास्तू वारशाने मिळाल्या, त्या या बायकांना मिळाल्या नाहीत. त्यांना प्रायोजक मिळाला. आणि प्रायोजक येतो तसा जातो. त्यामुळे महिलांच्या स्पर्धांची उचलबांगडी हा अपघात म्हणता येत नाही, तो त्यांच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे. पुरुषांच्याही स्पर्धा हलतात, चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ साली पुण्याला आली आणि २०२३ नंतर तीही गेली. पण ती त्याआधी चेन्नईत वीस वर्षं टिकली होती. महिलांची एकही स्पर्धा आपल्याकडे त्या काळात एका शहरात सलग तीन वर्षांपलीकडे गेली नाही. हैदराबाद तीन, कलकत्ता तीन, बंगळूर तीन, पुणे एक.

मागून प्रश्न येतोय... जरा मोठ्याने बोला. हां. 'सर, आपल्या मराठी बायका टेनिस खेळायच्या का आधी?' चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तत्त्वज्ञानाच्या आणि संस्कृतच्या माणसाला फार आवडण्यासारखं आहे. शंकर पांडुरंग पंडित हे नाव ऐकलंय ना? तुकारामाची गाथा संपादित करणारे, सायणभाष्यासह अथर्ववेद छापून काढणारे. त्यांची मुलगी क्षमा राव. गांधीजींच्या चळवळीवर तिने संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली, १९३२ साली ती पॅरिसला छापली गेली. आणि या पंडिता क्षमा राव टेनिसही उत्तम खेळायच्या. त्यांची मुलगी लीला राव. १९३४ साली विम्बल्डनला पहिल्या फेरीत ती ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिला सेट हरली आणि पुढचे दोन जिंकली. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. म्हणजे वेदपाठाच्या संशोधकाची नात! पुढे तिने नाट्यशास्त्रावर काम केलं, आईच्या संस्कृत लेखनाकडे लक्ष दिलं.

पण यातून आणखी एक गोष्ट दिसते. ते घर मुंबईतलं, वडील डॉक्टर, हाताशी जिमखाना. त्या काळात पैसा घरातून यायचा, बक्षिसातून नाही. लीला राव खेळल्या कारण त्यांना परवडत होतं. खुल्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री निरुपमा वैद्यनाथन, साल १९९८, ऑस्ट्रेलियन ओपन. १९३४ ते १९९८. हिशोब तुम्ही करा. सर्वसाधारण घरातल्या मुलीला हा खेळ पोटापाण्यासाठी खेळायचा तर वर्षभर जगभर फिरावं लागतं, विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक. आपल्या भागातल्या एखाद्या शिक्षकाच्या मुलीला तैपेई किंवा ताश्कंदला जाऊन पहिल्याच फेरीत हरून परत येणं किती महाग पडेल? बालेवाडीला जाऊन हरणं त्या मानाने स्वस्त. नागपूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पुणं.

इथे खरा मुद्दा येतो. यजमान स्पर्धेला 'वाइल्ड कार्ड' देता येतात. क्रमवारीत न बसणाऱ्या दोन-चार मुलींना आयोजक थेट मुख्य फेरीत किंवा पात्रता फेरीत घेऊ शकतात, आणि ती बहुधा घरच्या मुलींना मिळतात. सानियाचं बघा. हैदराबादला २००३ मध्ये ती सोळा वर्षांची. एकेरीत लवकर बाहेर पडली. २००४ मध्ये लीझेल ह्यूबरबरोबर दुहेरी जिंकली. २००५ मध्ये एकेरी. तीन फेब्रुवारी, तीन पायऱ्या. आणि खुल्या युगात एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात शिरलेली भारतीय स्त्री आजवर एकच, तीच. २००७ मध्ये ती सत्ताविसावी होती.

आता कोणी म्हणेल, हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला. बरोबर आहे. मीही वर्गात हेच शिकवत आलोय, दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. सानिया जात्याच असामान्य होती. हैदराबादला स्पर्धा नसती तरी ती कुठेतरी जिंकली असती, हे मला मान्य आहे. पण मी विचारतोय ते सानियाबद्दल नाहीच. असामान्य माणूस वाट काढतो. जी मुलगी तिच्या एक पायरी खाली आहे तिचं काय? बार्शीची प्रार्थना ठोंबरे घ्या. सोलापूर जिल्ह्यातलं गाव, तिथून निघून ती २०१४ च्या आशियाई खेळांत सानियाबरोबर दुहेरीत कांस्य जिंकते, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळते. ऋतुजा भोसले, मूळ श्रीरामपूरची. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्ण. दोघीही एकेरीत पहिल्या शंभराच्या जवळ पोचल्या नाहीत. २०१२ ला बालेवाडीत ठेवलेली पायरी पुढची पाच वर्षं तिथेच राहिली असती तर पोचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या उमेदीच्या काळातली बरीच वर्षं ती पायरी आपल्या राज्यात नव्हती, एवढं मात्र तारखा लावून सांगता येतं.

आपल्या गावातलं उदाहरण दुसऱ्या खेळातलं घ्या. मालविका बनसोड. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीला इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला दोन सरळ गेममध्ये हरवलं, तेव्हा देशाला ती कळली. बॅडमिंटनची ती स्पर्धा दिल्लीला वर्षानुवर्षं भरत आलीय, म्हणून मालविकाला त्या कोर्टावर उभं राहता आलं.

पाच वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात, महाराष्ट्रात '१२५' दर्जाची स्पर्धा पुन्हा आली, पण मुंबईला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर. विजेती बेलारूसची एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका. हो, तीच. पुढे जगात पहिली, ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा, यूएस ओपन दोनदा. म्हणजे या राज्यात नोव्हेंबरात जिंकून गेलेल्या दोन मुली पुढे अशा निघाल्या. निवड करणाऱ्यांचं नाही हे श्रेय, पायरीचं आहे. त्या पायरीवर उगवते खेळाडूच येतात. २०१८ ला थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. आणि मग पुन्हा नाही. २०१९ नाही, पुढे कोविड, २०२३ पर्यंत नाही.

दरम्यान चेन्नईचा एक किस्सा आहे. २०२१ च्या डिसेंबरात डब्ल्यूटीएने पंग श्वाय हिच्या प्रकरणावरून चीनमधल्या स्पर्धा स्थगित केल्या. ही चिनी खेळाडू म्हणजे जिने माजी उपपंतप्रधानावर आरोप केला आणि नंतर काही दिवस दिसेनाशीच झाली, ती. २०२२ च्या शरद ऋतूत चीनमध्ये एकही डब्ल्यूटीए स्पर्धा नव्हती, आणि त्याच सप्टेंबरात चेन्नईला मोठ्या दर्जाची स्पर्धा झाली, सतरा वर्षांची लिंडा फ्रुहविर्तोवा जिंकली. २०२३ ला डब्ल्यूटीए चीनला परतली. चेन्नईला स्पर्धा नव्हती, २०२४ लाही नव्हती. २०२५ ला पुन्हा झाली. पंचांगातली जागा कुठून रिकामी होते आणि कुठे भरते, ते ठरवणारी टेबलं आपल्या गावात नसतात.

याउलट आपला मारबत बघा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतोच. त्याचा परवाना कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही, म्हणून तो कोणाला बंगळूरला नेता येत नाही. हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय. टेनिसची स्पर्धा मारबतीसारखी चालवा असं नाही म्हणत. खर्च वेगळा, जग वेगळं. पण एखादा क्लब, एखादी राज्य संघटना, एखादं विद्यापीठ अशी स्पर्धा स्वतःची म्हणून दहा वर्षं धरून ठेवू शकतं का, पैसे कमी असले तरी दर्जा एक पायरी खाली ठेवून, हे विचारायला काय हरकत आहे? दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच गावात. मुलीच्या बापाला रजा आधीपासून टाकता आली पाहिजे, इतकी साधी गोष्ट.

मुंबईची स्पर्धा २०२४ च्या फेब्रुवारीत परत आली. नाव तेच, मुंबई ओपन, क्लब तोच, महिना वेगळा, मधे पाच वर्षं रिकामी. नागसेनांना विचारलं असतं, ही तीच का? ते म्हणाले असते, तीही नाही आणि दुसरीही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे कोइमतूरची माया राजेश्वरन नावाची पंधरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीत वाइल्ड कार्डवर खेळायला उतरली. पात्रता जिंकली, मुख्य फेरीत जिंकत गेली, आणि थेट उपांत्य फेरीत पोचली. तिथे ती स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमानकडून हरली, आणि टाइखमानच शेवटी विजेती झाली. मायाला हा आठवडा मिळाला कारण त्या वर्षी तो होता. २०१९ मध्ये पंधरा वर्षांची असलेली एखादी मुलगी असेलच कुठेतरी, आता तिने विशी ओलांडली असेल.

साडेसात होत आले, सभागृह आठला रिकामं करून द्यायचंय. प्रश्न असतील तर घेऊ. ते मागचे गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, आधी त्यांना माइक द्या.